मापापुरतं माणूस

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दहाला पोचले. धाकटी बसथांब्यावर घ्यायला आली होती. कडेवर बुटकी, आणि दोघींच्याही केसांत मैदा. इतक्या महिन्यांनी भेटल्यावर बहिणीने पहिलं वाक्य काय बोलावं, तर ताई, तू सुटलीस बाई अंगाने. तिथेच भांडलो, मग रिक्षात बसलो.

नवीन काम, नवीन वही, हा माझा नियम. डाव्या पानावर मापं, उजव्या पानावर माझी कुरकुर. चौदा वर्षं लोकांची दुकानं सजवतेय. एका दातांच्या डॉक्टरची बाहेरची खोली तर अशी सजवली की पेशंट आत जायलाच तयार होईनात. पण सख्ख्या बहिणीचं काम पहिल्यांदाच. तिने स्वतःहून माझा सल्ला मागितला, हे आईला फोनवर सांगितलं तर तिला खरंच वाटेना.

धाकटी सहा वर्षं घरच्या ओव्हनमध्ये पाव आणि बिस्किटं भाजून विकत होती. आता तिने एका दगडी इमारतीचा तळमजला बेकरीसाठी भाड्याने घेतलाय. दीडशे वर्षांची इमारत, वारसा यादीतली. पूर्वी तिथे टपाल कचेरी होती. नवरा जहाजावर असतो, तो २० मार्चला येईल. त्याच्या आत बेकरी उघडायची आणि त्याला चाट पाडायचं, असा बाईंचा बेत आहे. मी तिच्याच दोन खोल्यांत राहणार, बुटकीच्या पलंगाशेजारी गादी टाकून.

बुटकी म्हणजे माझी भाची, वय वर्षं चार. मावशीच्या पिशवीत खाऊ नाही, टेप आहे, हे बघून तिचं तोंड पडलं. मग तिलाच मोजलं. अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. शंभराला दोन कमी म्हटल्यावर तिने टाचा उचलल्या. टाचा उचलून चालत नाही, असं सांगावं लागलं. कागदाच्या पट्टीवर खूण करून ती पट्टी दाराला चिकटवली आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर मापं घेतली. सोबत मिस्त्री होते. धाकटीने शोधलेले सुतार, साठीचे, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. खोली साडेनऊ मीटर लांब, सहा रुंद, उंची साडेचार. मधोमध लोखंडी खांब, रस्त्याच्या बाजूला तीन उंच खिडक्या. दुपारी तीनला तिन्हींमधून ऊन आत येतं आणि फरशी अशी चमकते की मला पाय ठेवायची लाज वाटली.

वारसा कचेरीच्या अटी कडक आहेत. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, फरशी उकरायची नाही, जुना रंग खरवडायचा नाही. आपण जे ठेवू ते उद्या उचलून नेलं तर मागे ओरखडासुद्धा राहता कामा नये. थोडक्यात, पाहुण्यासारखं राहायचं. मला असलं काम आवडतं.

डावीकडच्या खिडकीजवळ फरशीला दोन खळगे आहेत, शेजारी शेजारी, पाऊल मावेल एवढे. मी वहीत लिहिलं, टपालाच्या रांगेमुळे झीज. मिस्त्रींनी मान हलवली. रांगेने फरशी लांबलचक झिजते, दोन पावलांपुरती नाही, असं त्यांचं म्हणणं. बुटकीने त्यात उभं राहून बघितलं. तिची पावलं आत हरवली.

८ फेब्रुवारी, शनिवार

आराखडा जमला. ओव्हन मागच्या भिंतीशी, धूर जुन्या धुराड्यातून. काउंटर खांबापासून सुरू होऊन खिडकीकडे वळणारं, चाकांवर. उंची नेहमीपेक्षा कमी, कारण धाकटीची स्वतःची उंची सांगायला नको. पावांची मांडणी भिंतीला न टेकता स्वतःच्या पायांवर उभी. बिस्किटांसाठी तिरक्या काचेचं कपाट, खालचा कप्पा अठ्ठ्याण्णव सेंटिमीटरच्या गिऱ्हाइकाला दिसेल असा.

धाकटीला सगळं पसंत पडलं. ती एवढंच म्हणाली की खांबाजवळ तिला उभं राहायला जागा हवी. तिथून ओव्हनही दिसतो आणि दारही. जन्मभर अशा जागेची वाट बघत होते, असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. मी तिला नाक पुसायला सांगितलं आणि स्वतःचं पुसलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वारसा कचेरीत नकाशे दिले. अशा कामात दोन द्यावे लागतात. एक, जागा आज जशी आहे तशी. दुसरा, आपण काय करणार ते. दुसऱ्यात मी नेहमी एक माणूस उभं करते, मापासाठी. नुसता खांब बघून खोली केवढी ते कळत नाही, शेजारी माणूस दिसलं की कळतं. माझं माणूस म्हणजे धाकटीच. सहा वर्षांपूर्वी तिचा एक फोटो काढला होता. उजव्या तळव्यावर ट्रे, डावा हात खाली सोडलेला. त्यावरून बाहेरची रेघ ओढून घेतली. नाक-डोळे काढायचे नसतात, ते मापापुरतं माणूस असतं. तेव्हापासून ती माझ्या प्रत्येक नकाशात फुकट उभी आहे, यावरून ती मला टोमणे मारते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मंजुरी आली. आठवड्यात! कचेरीतल्या साहेबांनी स्वतः शिक्का मारून एक प्रत ठेवून घेतली, दुसरी माझ्या हातात दिली. घरी येऊन बघते तर माझा वेंधळेपणा. धाकटीची आकृती दोन्ही नकाशांवर छापली गेलीय. म्हणजे आज ती जागा जशी आहे, त्या नकाशातसुद्धा ही खांबाजवळ ट्रे घेऊन उभी. फरशी, खिडक्या, खांब, धाकटी. शिवाय मी सवयीने पुढे उंचीही लिहिलेली, १५४. खाली शिक्का: या नकाशात दाखवलेली प्रत्येक गोष्ट आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत राहील.

आम्ही पोट धरून हसलो. धाकटी म्हणाली, आता मला काढून दाखवा म्हणावं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काउंटर आलं, ओव्हन बसला. पहिला पाव भाजला. मिस्त्रींनी दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा खिशात टाकला, ही त्यांची दाद. धाकटीला मात्र वास आला नाही. सर्दी झाली असेल.

दिवसभर ती खांबाजवळच उभी होती. बस म्हटलं तर बसेना, इथेच बरं वाटतं म्हणे. चार तास ट्रे हातावर, रिकामा. मी तो काढून घेतला. थोड्या वेळाने बघते तर पुन्हा हातावर.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज संध्याकाळी बेकरी बंद करून तिघी निघालो. तिसऱ्या दुकानापाशी धाकटी थांबली आणि वळली. काहीतरी विसरली असेल म्हणून मी बुटकीला घेऊन थांबले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. परत गेले तर ती खांबाजवळ उभी. विचारलं तर म्हणाली की ती वळलीच नाही, पायच वळले. पुन्हा निघालो. या वेळी मी तिचा दंड घट्ट धरला. दुसऱ्या दुकानापाशी ती माझ्या हातातून अशी गेली की मीच आपटले.

गुडघा सोललाय. धाकटी आज बेकरीतच आहे. थकवा आहे, मी म्हटलं. ती हो म्हणाली. बुटकीला सांगितलं की आई पाव राखतेय.

२६ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टर येऊन गेले. नसांचा आजार असेल, मोठ्या दवाखान्यात हलवा म्हणाले. हलवायचं होतंच. मिस्त्रींनी ओव्हन उचलून आणणाऱ्यांतली दोन माणसं बोलावली. तिघांनी आणि मी मिळून तिला उचललं. उचललं म्हणजे प्रयत्न केला. तो ओव्हन चौघांनी उचलला होता, माझी बहीण पन्नास किलोची आहे. ती जमिनीपासून केसभरही सुटली नाही. ओढलं तशी ती ओरडली, म्हणून सोडलं. ती दोन माणसं पैसे न घेता निघून गेली.

तिला भूक लागत नाही. ट्रे हातावरून निघत नाही. खांबापासून एक पाऊल तेवढं टाकता येतं.

माझ्या डोक्यात एक गोष्ट सारखी येतेय आणि मी ती लिहिणार नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहिते.

ती नकाशातल्यासारखी उभी आहे. अगदी तशीच. उजव्या तळव्यावर ट्रे, डावा हात खाली. खांबापासून अंतर टेपाने मोजलं. नकाशात पंचेचाळीस सेंटिमीटर, इथे पंचेचाळीस.

कचेरीत गेले. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत. त्यांनी नकाशा उघडला, आकृतीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाई, दाखवलंय ते आहे. आणि आहे ते राहणार."

माझी चूक झाली, म्हटलं. मग आपणच सही केलीत ना, म्हणाले.

मी टेबलावर हात आपटला तेव्हा त्यांनी कपाटातून त्याच इमारतीचा एक जुना नकाशा काढला, सत्तर वर्षांपूर्वीचा. डावीकडच्या खिडकीजवळ एक माणूस काढलेला, डोक्यावर टोपी. मापासाठी. पुढे बारीक अक्षरांत नोंद, एकतीस वर्षांनंतरची: जीर्ण झाल्यामुळे यादीतून कमी.

खिडकीजवळच्या खळग्यांचं माप माझ्या वहीत डाव्या पानावर आहे.

आकृती काढायची असेल तर फेरपाहणीचा अर्ज करा, आमचा नकाशेवाला येऊन जागा पुन्हा मोजेल, असं ते म्हणाले. अर्ज तिथेच लिहून दिला.

३ मार्च, सोमवार

घरचा नकाशा फाडला. कॉम्प्युटरमधून आकृती पुसली, मागच्या सहा वर्षांच्या सगळ्या कामांतून पुसली. काही उपयोग नाही, खरा शिक्का आहे तो कचेरीतल्या प्रतीवर आहे.

तिच्या नवऱ्याच्या कंपनीला निरोप दिला. जहाज मध्ये कुठे थांबत नाही. वीस तारीख.

मी दिवसभर तिच्याशेजारी स्टूल टाकून बसते. ती अजून बोलते, हळू. आज विचारत होती, काउंटरची उंची बरोबर आली का. आली म्हटलं. तुझ्या मापात कधी चूक होत नाही ना ताई, असं ती म्हणाली. तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मी बाहेर जाऊन रडले.

५ मार्च, बुधवार

तिच्या भुवया दिसत नाहीत.

आधी वाटलं मैदा लागलाय. ओल्या फडक्याने पुसलं. मैदा नव्हता. नाकाचा शेंडाही खाली बसतोय, साबणाची वडी वापरून बसते तसा. मी चेहरा काढला नव्हता. कुणीच काढत नाही. काढायला पाच मिनिटं लागली असती.

अर्जाचं विचारायला गेले. रांगेत आहे म्हणाले.

७ मार्च, शुक्रवार

आज ती शेवटचं बोलली असावी. बुटकीला आण, एकदा बघू दे, डोळे आहेत तोवर. मी नको म्हटलं. पोर घाबरेल. तोंडाच्या जागी आता नुसती एक रेघ आहे.

८ मार्च, शनिवार

बुटकी बारा दिवस आईबद्दल विचारतेय. जेवत नाही. पट्टीपाशी जाऊन उभी राहते, मी मोजावं म्हणून.

मंगळवारी नेईन. धाकटीचे डोळे अजून आहेत, बारीक झालेत.

११ मार्च, मंगळवार

नेलं. मला वाटलं होतं ती किंचाळेल. ती सरळ गेली आणि आईचा डावा हात धरला, शेजारी उभी राहिली. धाकटीची बोटं मिटली. मी पाहिलं, मिटली. कितीतरी दिवसांनी तिचं काही हललं.

बुटकीला भूक लागली. पहिल्यांदाच. मी मिस्त्रींना लक्ष ठेवा म्हटलं आणि कोपऱ्यावर दूध आणायला गेले. सात मिनिटं, जास्तीत जास्त.

परत आले तर कचेरीतला नकाशेवाला सामान आवरत होता. धाकटीला सोडवायला आलाय असं समजून मिस्त्रींनी त्याला अडवलं नव्हतं. फेरपाहणी झाली म्हणाला. खांब, खिडक्या, फरशी, सगळं जसं आहे तसं घेतलं.

त्याच्या हातातला कागद मी ओढून बघितला. खांबाजवळ दोन आकृत्या. एक मोठी, ट्रे घेतलेली. तिच्या डाव्या हाताला धरून एक छोटी. पुढे उंची, ९८. कोपऱ्यात नोंद, मानवाकृती दोन.

तो कागद घेऊन गेला. मी त्याच्यामागे धावले, पण तो स्कूटरवर होता. शिक्का शुक्रवारी.

१२ मार्च, बुधवार

कचेरी बंद. सुट्टी.

बुटकीला इमारतीपासून लांब ठेवलंय. घरी आहे, खेळतेय. शिक्का बसला की लांब असून उपयोग नाही, हे मला माहीत आहे. धाकटी रस्त्यात होती, तरी तिचे पाय वळलेच.

पट्टीवर आज पुन्हा मोजलं. अठ्ठ्याण्णव.

१३ मार्च, गुरुवार

दहा वाजता दारात उभी होते. साहेबांच्या पाया पडले. ते खुर्चीतून उठले, मला उठवलं. पण म्हणाले, पाहणीत दिसलेली आकृती कमी होत नाही. संख्या बदलत नाही. ती फक्त —

फक्त जीर्ण झाल्यावर.

मग मी विचारलं, मापात चूक असेल तर?

मापाची दुरुस्ती होते, म्हणाले. तो नकाशा करणाऱ्याचा हक्क आहे. जाग्यावरचं माप वेगळं असेल तर लिहून द्यायचं, सही करायची, आमचा माणूस रेघ सुधारतो.

लिहून दिलं. आकृती क्रमांक दोन, उंची ९८ नव्हे, १६१.

ती माझी उंची आहे. नकाशेवाल्याने माझ्यासमोर ब्लेडने छोटी आकृती खरवडली आणि मोठी काढली. मी त्याला म्हटलं, चेहरा काढता येईल का हो. तो म्हणाला, बाई, चेहरा काढत नाहीत. मग म्हटलं, हात तरी तिच्या हातात नीट दाखवा. तेवढं त्याने केलं.

१४ मार्च, शुक्रवार, सकाळ

मिस्त्री आणि त्यांची बायको येऊन बुटकीला घेऊन गेले. वीस तारखेपर्यंत त्यांच्याकडे, मग बाबा येईल. दाराची पट्टी सोडवून त्यांना दिली. महिन्याच्या एक तारखेला मोजा म्हटलं, टाचा उचलते, लक्ष ठेवा. मिस्त्रींनी पट्टी जपून गुंडाळून खिशात ठेवली. बुटकीने विचारलं, मावशी, तू पण पाव राखणार का.

हो म्हटलं.

पावणेअकरा

अकराला शिक्का बसतो. मी स्वतःच आले. कुणी ओढून आणलेलं नको होतं.

ओव्हन गार आहे. ऊन अजून आलेलं नाही, ते तीनला येईल. वही काउंटरवर ठेवून लिहितेय. काउंटरची उंची खरंच बरोबर आलीय.

धाकटीला सांगितलं की बुटकी सुटली. कानाच्या जागी आता काही नाही. तरी सांगितलं, दोनदा.

अकरा

वास येत नाहीये. आत्ता तर पावाच्या चुऱ्याचा येत होता.

पाय वळले. दुखत नाही —

तिच्या डाव्या बाजूला. खांबापासून मोजलं तर —

पेन उजव्या हातात आहे आणि नकाशात उजवा हात तिच्या —

तिची बोटं उघडली. थांबलीय माझ्यासाठी. गार नाहीत गं, धाकटे, तुझी बोटं अजून ऊ